कोरगावची कोरी फळी

१

सोमवारी सकाळी सव्वाआठ वाजता गौरेश चारीने चित्रावरचं कापड उचललं, आणि खाली चित्र नव्हतं. नुसती फळी होती.

कोरगावच्या चढणीवरचं ते घर चित्रकार गोकुळदास चारी यांचं. डिचोलीतल्या देव घडवणाऱ्या आणि पाट-पाळणे रंगवणाऱ्या घरात ते जन्मले. गोवा घटक राज्य झालं त्याच्या दुसऱ्याच वर्षी शिष्यवृत्ती मिळवून लिस्बनला गेले ते चौदा वर्षं तिथेच राहिले. मग जपानात, क्योतोला, एका म्हाताऱ्या कागदकाराच्या हाताखाली नऊ वर्षं काढली आणि पन्नाशी उलटल्यावर पेडणे तालुक्यात येऊन घर बांधलं. डिचोलीच्या खाणीची तांबडी माती, लिस्बनच्या भिंतींवरचा निळा रंग आणि क्योतोचा तुतीच्या सालीचा कागद, या तिन्हींवर त्यांचं नाव उभं होतं.

येत्या शनिवारी पणजीत त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन उघडणार होतं. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं चित्र म्हणजे ‘आई’. खाणीवर डोक्यावर पाटी घेऊन उभी असलेली त्यांची आई, गंगा. हे चित्र त्यांनी लिस्बनमध्ये दोनदा आणि क्योतोत एकदा सुरू केलं होतं आणि तिन्ही वेळा चेहऱ्याशी येऊन सोडून दिलं होतं. या खेपेला ते पुरं झालं होतं, पण कोणी पाहिलं नव्हतं. फोटोसुद्धा काढू दिला नव्हता. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत त्याची जागा रिकामी सोडलेली होती.

पद्मावती शेट्ये साडेनऊला तिथे पोचल्या तेव्हा अंगणात पोलिसांची जीप होती. त्या आल्या होत्या दुसऱ्याच कामाला. तीस वर्षं त्यांनी पणजीत जुने कागद दुरुस्त केले होते. कसर लागलेले, शाईने खाल्लेले, ओल लागून एकमेकांना चिकटलेले. निवृत्त झाल्यावर त्या पेडण्याच्या बाजारामागे एकट्या राहत. गुरुवारी चित्रं टेंपोत चढण्याआधी प्रत्येक चित्र पुढून-मागून तपासायचं, एवढंच काम गौरेशने त्यांना दिलं होतं. गौरेश हा गोकुळदासबाबांचा पुतण्या, थोरल्या भावाचा मुलगा. चित्रांचे सगळे व्यवहार तो बघे.

“दार फोडलेलं नाय,” उपनिरीक्षक गावस खिडक्यांकडे बोट करत सांगत होते. “जनेलाच्या कड्या आतून लावलेल्या. घराच्या चाव्या दोन. एक मालकांकडे, दुसरी कामाला येणाऱ्या बाईकडे.”

ती बाई म्हणजे मंगल मेटकरी. मूळची गडहिंग्लजकडची. नवरा विजय मोपाला विमानतळाच्या बांधकामावर आला आणि काम संपल्यावर तिथल्याच एका गोदामात राहिला. चार वर्षं मंगल या घरात स्वयंपाक आणि झाडलोट करत होती. शनिवारी संध्याकाळी ती गावी गेली होती.

“तिठ्यावरच्या दुकानदारानं बघितलं तिला,” गावस म्हणाले. “बसमध्ये चढताना काखेत लांब गुंडाळी होती. हातभर नव्हे, चांगली तीन-चार फूट.”

गोकुळदासबाब कोपऱ्यातल्या कदेलवर, जुन्या लाकडी खुर्चीवर, बसले होते. चौसष्ट वर्षांचे, सडपातळ, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले. “तिला त्रास देऊ नका,” ते म्हणाले.

इतक्यात फाटक वाजलं. मंगल गावाहून परत येत होती. तिच्या काखेत गुंडाळी नव्हती.

२

“चटई हुती ती,” मंगल म्हणाली. “सासूबाईस्नी न्हेली. तितं ठिवून आले. पायजे तर गावाकडं फोन लावा.”

गावसांनी फोन लावला. सासूने चटई मिळाल्याचं सांगितलं. पण सासू सुनेच्या बाजूनेच बोलणार, असं म्हणून त्यांनी ते वहीत लिहिलंही नाही. विजयच्या खोलीची झडती घ्यायला दोन शिपाई मोपाला निघाले.

पद्मावतीबाईंचा या प्रकरणाशी तसा संबंध नव्हता. पण तपासायची चित्रं समोर होती आणि त्यातलं एक नाहीसं झालं होतं, म्हणून त्या स्वयंपाकघरात मंगलजवळ जाऊन बसल्या.

“घरात आल्यावर तुला काही वेगळं दिसलं?”

मंगलने इकडेतिकडे पाहिलं. तिचा चेहरा रुंद, शांत होता. गालाची हाडं वर आलेली आणि उजव्या भुवईत लहानपणीच्या जखमेची एक बारीक फट. भीती वाटत असली तरी चेहऱ्यावर ती आली नव्हती.

“माझं चिंचुकं न्हाईत,” ती म्हणाली.

“चिंचोके?”

“व्हय. चिंच फोडली की चिंचुकं या डब्यात साठवते मी. सासूबाई घोंगडी विणत्यात. घोंगड्याला चिंचुक्याची खळ लावावी लागती, मग ते ताठ ऱ्हातं. शनवारी निम्मं घिऊन गेले, निम्मं ठिवलं. आता बघते तर डबा धुऊन पालथा घातलाय. सुक्या चिंचुक्याचा डबा कोन कशाला धुईल?”

दारात उभे असलेले गावस हसले. “बाई, पन्नास लाखांचं चित्र गेलंय आणि तुम्ही चिंचोक्यांचं घेऊन बसलाय.”

मंगलला त्यांनी जीपमध्ये बसवलं. चौकीवर नेऊन विचारपूस करायची, संध्याकाळी सोडायचं, उद्या पुन्हा बोलवायचं, असं ठरलं. जीप उतारावरून जाताना शेजारच्या दोन घरांतली माणसं कुंपणाच्या गडग्याशी येऊन उभी राहिली. गोकुळदासबाब खिडकीशी उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, पण जीप वळणापलीकडे गेली होती.

पद्मावतीबाई चित्रशाळेत परत आल्या. गोकुळदासबाब कागद ओला करून चारी कडांना खळ लावत आणि फळीवर चिकटवत. सुकला की कागद ढोलाच्या चामड्यासारखा ताणला जाई. चित्र पुरं झालं की कडा सोडवायच्या. ही क्योतोची रीत. बाईंनी फळीच्या कडांवरून बोट फिरवलं. मग खाली बसून, चष्मा कपाळावर सारून, फळीखालची जमीन इंच इंच पाहिली. शेवटी ओल्या रुमालाने ती पुसली आणि रुमाल उजेडात धरला.

रुमाल पांढराच राहिला होता. मंगलने ते चित्र नेलेलं नाही, हे त्यांना त्या पांढऱ्या रुमालावरून कळलं.

३

“हे रंग कसे असतात, ठाऊक आहे?” मंगळवारी सकाळी त्या गावसांना म्हणाल्या. “दगड आणि माती वाटून सरसात कालवायची आणि थरावर थर चढवायचे. खाणीच्या मातीचा थर तर दोन-तीन कागदांइतका जाड. असं चित्र गुंडाळलं तर तडकतं. तडकलं की भुगा पडतो. शनिवारी घाईघाईने कोणी गुंडाळी केली असती तर फळीखाली तांबडी भुकटी सांडली असती. मी जमीन पुसून पाहिली. रुमाल स्वच्छ.”

“पुसून घेतली असेल.”

“कोब्याच्या जमिनीतून खाणीची तांबडी भुकटी पुसून जात नाही, गावसबाब. डिचोलीत कोणाच्याही ओसरीवर बघा. चित्र सपाटच निघालं. चार फूट लांब, तीन फूट रुंद. असा कागद घेऊन कोणी बसमध्ये चढलं असतं तर दुकानदाराला गुंडाळी दिसली नसती, पालखी दिसली असती.”

गावसांनी वहीत लिहून घेतलं. “म्हणजे गाडी असलेला माणूस,” ते म्हणाले.

गाडी गौरेशकडे होती. शिवाय आदल्या दिवशी पोलिसांच्या आधी त्याने पणजीतल्या दोन वार्ताहरांना फोन केले होते, हेही कळलं होतं. पद्मावतीबाईंनी त्याला सरळ विचारलं.

“केले,” गौरेश म्हणाला. “बातमी आज ना उद्या फुटली असतीच. आता निदान लोक येतील. पण बाई, चित्र नसताना लोक येऊन काय बघणार? रिकामी भिंत? मी शनिवार-रविवार दोन्ही दिवस सभागृहात दिवे लावून घेत होतो. सहा माणसं होती माझ्याबरोबर. आणि यंदा पहिल्यांदाच बाबा येणार आहेत. माझे वडील. काकांच्या एकाही प्रदर्शनाला ते आले नाहीत. शुक्रवारी दुपारी हो म्हणाले. मी लगेच काकांना फोन करून सांगितलं.”

“काय म्हणाले काका?”

“काहीच नाही. लाइन कट झाली असं वाटलं मला.”

राहिली सिद्धी नाईक. म्हापशाच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची आणि सहा वर्षं दर शनिवारी इथे येऊन रंग वाटणं, सरस शिजवणं, खळ करणं ही कामं करायची. शनिवारी दुपारी चित्राजवळ शेवटची तीच होती.

“कापड उचललं नाही मी,” सिद्धी म्हणाली. “सरांना आवडत नाही. पण कापडावरून हात फिरवला, कागद ताणलेला होता. मग खळीचं भांडं घासून ठेवलं. काम संपलं होतं, खळीला लागणारं गव्हाचं सत्त्वही संपलं होतं.”

“फळीच्या कडा पाहिल्यास?”

“पाहिल्या.” तिने फळीच्या कडेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “सुरी लागलेली नाही कुठेच. कोणीतरी ओल्या फडक्याने तासन् तास कडा भिजवल्या आहेत आणि बांबूच्या पातीने कागद सोडवलाय. चोर इतका वेळ कशाला घालवेल? आणि बाई, हे ज्याला येतं अशी माणसं इथे किती? एक मी.”

“दुसरं कोण?”

सिद्धी शेजारच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहत राहिली. आत गोकुळदासबाब झोपले होते.

४

बुधवारी सकाळी पद्मावतीबाई डिचोलीची बस धरून निघाल्या. मंगलला तिसऱ्या दिवशीही चौकीवर बोलावलं होतं. विजयच्या गोदामवाल्याने ‘हे मिटेपर्यंत’ त्याला घरी बसायला सांगितलं होतं. बाईंना एक प्रश्न सुटत नव्हता. चित्र विकायचं असेल तर ते पळवायचं, हे समजत होतं. पण सिद्धीने बंद दाराकडे पाहिलं होतं तसं असेल तर चित्र घराबाहेर गेलंच नव्हतं, आणि घरातच राहिलेलं चित्र कोणाच्या उपयोगाचं? ते कोणाला दिसू नये, एवढ्यासाठीच कोणीतरी ते काढलं होतं. मग त्या चित्रात लपवण्यासारखं काय होतं?

चित्रात होती ती बाई मरून साठ वर्षं होत आली होती. तिला ओळखणारा एकच माणूस आता उरला होता.

महादेव चारी बोर्डे भागात राहत. खनिजाचे ट्रक पूर्वीइतके धावत नसले तरी रस्त्याकडेच्या झाडांची पानं अजून तांबूसच होती. घराला लागून त्यांची शाळा होती. चित्रशाळेला इथे नुसतं शाळाच म्हणत. बहात्तर वर्षांचे महादेवबाब जमिनीवर बसून लाकडाच्या देवीला पहिला हात देत होते. शेजारी स्टोव्हवर एक पातेलं रटरटत होतं आणि खोलीभर भाजलेल्या दाण्यांसारखा करपट-गोड वास भरला होता.

“गौरेशान सांगलां माका,” ते म्हणाले. “चित्र गेलां म्हणान. बस गो, बाय.”

“शनिवारी जाणार होता ना तुम्ही?”

“जातलंय. चित्र आसो वा नसो. म्हातारो झालंय, आता रागावान काय करू?”

“राग कसला होता?”

महादेवबाबांनी कुंचला खाली ठेवला. त्यांचे वडील आजारी पडले तेव्हा आई खाणीवर पाटी उचलायला जाऊ लागली. दोन वर्षांत ती दरडीखाली सापडून गेली. महादेव तेव्हा चौदा वर्षांचे होते, गोकुळदास सहाचे. पुढे धाकटा शिकला, परदेशी गेला आणि तिथल्या वर्तमानपत्रांत आईविषयी बोलू लागला. आईचे डोळे, आईचं हसणं, आईचा चेहरा आपल्याला रोज दिसतो, असं. ती कात्रणं गौरेश घरी आणून वाचून दाखवी.

“आयेचो चेरो त्येका आठवताच नाय,” महादेवबाब शांतपणे म्हणाले. “सहा वर्साचां पोर तां. आय काळोखात जाय, काळोखात येय. घरात एक फोटो नाय. माका सामको दिसता तिचो चेरो. त्येणी कधी येवन माका विचारलां? तेतीस वर्सां झाली. चवथीक येता, वसरेर बसता, करंज्यो खाता आणि जाता. ह्या शाळेत पाय घालूक नाय.”

“तुम्ही तो कधी कागदावर काढला नाही?”

त्यांनी मानेनेच भिंतीकडे खूण केली. तिथे रंगवून झालेल्या सात-आठ देवी ओळीने उभ्या होत्या. कोणाच्या हातात तलवार, कोणाच्या हातात कमळ. चेहरा मात्र सगळ्यांचा एकच. लहानसर, निमुळता, नाक थोडं बसकं आणि खालचा ओठ किंचित पुढे आलेला.

“चाळीस वर्सां ह्योच तोंड घडयतंय,” ते म्हणाले. “लोक म्हणतत, महादेवाची देवी घरच्यासारकी दिसता.”

पद्मावतीबाईंनी ते चेहरे एकेक करून पाहिले. मग त्यांनी पातेल्याकडे बोट दाखवलं.

“हे काय शिजतंय?”

“खळ. चिंचोके भाजूचे, साल काढूची, रातभर भिजवूचे, वाटून शिजवूचे. लाकडावर कापड नायतर कागद चिकटवूक ह्येच्यासारखी खळ नाय. बापायन आमका दोघांकय शिकयली. गोकूळ तर माझ्यापरास बारीक गाळी.”

बाई उठल्या. पुढची बस पाऊण तासाने होती. त्यांनी रिक्षा केली.

५

लिस्बनच्या दिवसांतली तीन मोठी चित्रं कोरगावच्या घरात भिंतीला टेकवून ठेवली होती. तिन्ही कापडावरची, तिन्हींत तीच रुंद नदी. मागच्या बाजूला लाकडी चौकटीवर धूळ बसू नये म्हणून जाड कागद चिकटवलेला होता. पद्मावतीबाईंनी सोमवारी ती नुसती मोजली होती. आज त्यांनी ती एकेक करून उलटी केली.

पहिल्याच्या कागदाच्या कडेला खळीची पांढरी, जुनी, तडकलेली रेघ होती. दुसऱ्याचीही तशीच. तिसऱ्याची रेघ तपकिरी होती. त्यांनी नाक जवळ नेलं. डिचोलीचा वास आला. अगदी पुसट, पण तोच.

त्या चित्राजवळच बसून राहिल्या. चिंचोक्याची खळ मंगललाही येत होती. ते टाळून चालणार नव्हतं. पण घोंगड्याची खळ जाडीभरडी असते, आणि ही सायीसारखी गाळलेली होती. शिवाय चिंचोके भिजायला एक रात्र लागते. शनिवारी संध्याकाळी मंगल निम्मे डब्यात ठेवून बसमध्ये चढली होती, सोमवारी परतली तेव्हा डबा धुतलेला होता. चोरी तिने केली असती तर डब्याचा विषय तिने स्वतः काढलाच नसता. सिद्धीला गव्हाची खळ सोडून दुसरी येत नव्हती. गौरेशला कुठलीच येत नव्हती. आणि शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ या घरात एकच माणूस होता, ज्याच्याकडचं गव्हाचं सत्त्व संपलं होतं आणि ज्याला लहानपणी बापाने दुसरी रीत शिकवलेली होती.

“चहा घेणार?” दारातून गोकुळदासबाब म्हणाले. त्यांच्या हातात हिरव्या चहाचा बिनकानाचा पेला होता.

“नको,” पद्मावतीबाई म्हणाल्या. “तुमच्याकडची बांबूची पाती द्या. हा कागद मी सोडवते, की तुम्ही सोडवता?”

पेला खिडकीत ठेवून गोकुळदासबाबांनी फडताळातून पाती काढली आणि बाईंच्या हातात दिली.

“तुम्हीच सोडवा.”

अर्धा तास लागला. वरचा कागद सुटला तसा आतला दिसू लागला. आधी तांबडी माती, मग पाटी, मग पाटी सावरणारा हात. शेवटी बाईंनी कागद दोन्ही हातांनी अलगद उचलला आणि प्रकाशात धरला.

त्या चित्रातल्या बाईचा चेहरा निमुळता नव्हता. नाक बसकं नव्हतं. चेहरा रुंद आणि शांत होता, गालाची हाडं वर आलेली होती. उजव्या भुवईत बारीक फट होती.

“ही मंगल आहे,” पद्मावतीबाई म्हणाल्या.

६

“मला शुक्रवारपर्यंत कळलंसुद्धा नाही,” गोकुळदासबाब म्हणाले. “ऐकून कोणाचा विश्वास बसणार नाही, पण खरं तेच आहे. इतकी वर्षं अडलेला चेहरा या खेपेला आपोआप उतरत होता. मला वाटलं, आई परत आली. मी रडलोसुद्धा. शुक्रवारी दुपारी गौरेशचा फोन आला, की दादा येतोय. संध्याकाळी मंगल चहा घेऊन आली आणि त्या जनेलाशी उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं. मग कापड उचलून चित्राकडे बघितलं.”

“महादेवबाब बघताक्षणी ओळखणार होते.”

“भर सभागृहात. तेतीस वर्षं मी जगाला सांगत आलोय की मला आई दिसते. ओल लागून कागद खराब झाला, मीच काढून टाकला, असं सांगणार होतो. फाडायला हात झाला नाही, म्हणून लपवलं. सोमवारी मी तोंड धूत होतो तोवर गौरेशने कापड उचलून फोनही केले होते. पोलिसांच्या पुढ्यात बोलायचं म्हणजे सगळंच बोलायला हवं होतं. म्हटलं, दुपारी सांगू. मग म्हटलं, उद्या.”

“तोवर ती चौकीवर बसली होती.”

“हो.”

पद्मावतीबाईंनी त्यांना धीर दिला नाही. त्यांनी चित्र दोन स्वच्छ कागदांमध्ये ठेवलं आणि डिचोलीच्या शाळेत ओळीने उभ्या असलेल्या देवींबद्दल त्यांना सांगितलं. गोकुळदासबाबांनी ते पुरतं ऐकून घेतलं. मग विचारलं, “नाक बसकं?”

“थोडं.”

“आणि ओठ?”

“ते तुम्ही जाऊन बघा. पण आधी चौकीवर चला.”

गावसांनी जबाब लिहून घेतला, एकदा वाचून दाखवला आणि गोकुळदासबाबांकडे न पाहताच सही करायला लावली. मंगल बाहेरच्या बाकावर बसली होती. गोकुळदासबाब तिच्यासमोर उभे राहिले आणि सगळं सांगितलं. चेहऱ्याचंही.

“माजं त्वांड काडलं, ते मला इचारलं न्हाई,” शेवटी ती म्हणाली. “ते एक असू दे, तुमास्नीच ठावं नव्हतं म्हनताय. पर जीपमदी बसवलं तवा तुमी खिडकीत हुता. मी बगितलं तुमास्नी.”

“माझं चुकलं, मंगल.”

“चुकलं ते मला ठावं हाय. गोदामवाल्याला कुटं ठावं हाय? आमच्या चाळीत कुनाला ठावं हाय? पेपरात आलं की कामवालीनं चोरलं. आता तुमचं चित्र भिताडावर लागंल, मानसं वा वा करतील, आनि मी चोरच ऱ्हानार.”

“काय करू सांग.”

मंगलने पदर सारखा केला. “चित्राखाली लिवत्यात न्हवं कायतरी? तितं लिवा. माजं नाव पुरं लिवा. काय झालं ते बी लिवा. आनि उद्यापासनं कामाला दुसरी बगा.”

गौरेशला हे अजिबात पटलं नाही. असला मजकूर लावला तर काकांचं नाव धुळीला मिळेल, असं त्याचं म्हणणं. दोन दिवस तो विनवत राहिला. गोकुळदासबाब गुरुवारी डिचोलीला गेले, दिवसभर शाळेत बसून राहिले. दोघे भाऊ काय बोलले ते कोणाला कळलं नाही. परत आल्यावर त्यांनी कागद घेतला आणि मजकूर स्वतः कुंचल्याने लिहिला.

शनिवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. महादेवबाब धुतलेलं धोतर नेसून आले, चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि पद्मावतीबाईंना म्हणाले, “बायल बरी काडल्या. पण आय जर आसती, तर पाटी अशी वाकडी धरली नसती तिणी.” मग ते खुर्ची शोधून बसले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

पाचच्या सुमारास मंगल आली. बरोबर विजय होता आणि इस्त्रीची घडी न मोडलेलं पातळ ती नेसली होती. लोक बाजूला झाले. चेहऱ्याकडे आणि चित्राकडे आळीपाळीने बघून कुजबुजू लागले. तिने चित्राकडे फार वेळ पाहिलं नाही. ती खाली वाकली आणि चित्राखालच्या कागदावरचा मजकूर बोट फिरवत, एकेक अक्षर लावत वाचू लागली.

‘मंगल विजय मेटकरी. राहणार मोपा. हे चित्र मी आईचं म्हणून काढलं, ते यांचं झालं. ते मीच लपवलं आणि यांच्यावर चोरीचा आळ आला. खरं माहीत असून मी दोन दिवस गप्प राहिलो. गोकुळदास चारी.’

वाचून झाल्यावर ती सरळ उभी राहिली. गोकुळदासबाब जवळच होते.

“सोमवार, मंगळवार, बुधवार,” तिने बोटं मोजली. “तीन झालं.”

गोकुळदासबाबांनी सिद्धीकडून कुंचला मागून घेतला, गुडघ्यांवर बसले आणि सगळ्यांच्या देखत ‘दोन’ खोडून त्यावर ‘तीन’ लिहिलं.